२० महिन्यांच्या मुलीला घेऊन नाताळच्या सुटीत पुण्याला येताना

प्रश्न थोडक्यात असा: कुटुंब लंडनजवळ राहतं. मुलगी २० महिन्यांची, वजन ११ किलो, पहिलीच भारतवारी. १८ डिसेंबरला रात्री निघून ८ जानेवारीला परत. मुक्काम पुण्यात आजी-आजोबांकडे, मधे जेजुरी आणि चार दिवस गुहागर. संक्रांतीआधी परतायचं असलं तरी आजीच्या हौसेखातर बोरन्हाण आधीच करायचंय. निघायला सात आठवडे आहेत. जेट लॅग, पाणी, जुलाब, डास आणि लसी यांची धास्ती वाटते, तर तयारी कशाची करायची?

उत्तर:

तुमच्या यादीतल्या सगळ्या गोष्टी बरोबर आहेत, पण त्यात घर नाही. आजी-आजोबांच्या घरात गेली कित्येक वर्षं चालतं-फिरतं मूल राहिलेलं नाही. तिथल्या वस्तू मोठ्या माणसांच्या सोयीने ठेवलेल्या आहेत आणि तुमची मुलगी दिवसाचा बहुतेक वेळ तिथेच असणार आहे. जुलाब लागले तर ओआरएस द्यायला आणि डॉक्टरांकडे जायला हाताशी वेळ असतो. आजोबांची मधुमेहाची गोळी किंवा न्हाणीघरातली भरलेली बादली तो वेळ देत नाही. म्हणून आधी घर, मग बाकीचं.

घर

निघण्याच्या आठवडाभर आधी आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर घ्या आणि फोन जमिनीपासून हातभर उंचीवर धरून सगळ्या खोल्यांतून फिरायला सांगा. उभ्याने घर पाहिलं की निम्म्या गोष्टी दिसत नाहीत.

सर्वांत आधी औषधं. आजोबांचा गोळ्यांचा डबा जेवणाच्या टेबलावर, आजीची थायरॉइडची बाटली उशाशी, पाहुण्यांच्या पर्समध्ये रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी, हे नेहमीचं चित्र. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या ११ किलोच्या मुलाने एक जरी गिळली तरी साखर धोकादायक खाली जाऊ शकते, आणि ती काही तासांनी उशिरा उतरते. ‘आत्ता तर छान खेळतेय’ म्हणून घरी थांबू नका. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनचं आणि लोहाच्या गोळ्यांचंही तसंच. सगळी औषधं कुलपाच्या कपाटात, किल्ली वर. आठवड्याचे खाने असलेला डबा मुलांना खुळखुळ्यासारखा वाटतो, तेव्हा तो आधी हलवा. येणाऱ्या पाहुण्यांच्या पर्स आणि पिशव्या दारातच उंच खुंटीला अडकवा.

मग देवघर. कापूर पांढरा, चौकोनी आणि खडीसाखरेसारखा दिसतो. तो थोडासाही पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात, बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत. डबी वर ठेवा. सर्दीवर कापराची पुरचुंडी गळ्यात बांधणं आणि कापूर असलेला बाम छातीला किंवा नाकाला चोळणं दोन वर्षांखाली टाळा. कपड्यांच्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्या ती येण्याआधी काढून टाका. नुसत्या वरच्या कप्प्यात नेऊन भागत नाही, कारण त्या घरंगळत खाली येतात. समई आणि निरांजन तिच्या हाताला लागणार नाही अशा चौरंगावर, आणि उदबत्ती तिच्या झोपेच्या खोलीत नको.

न्हाणीघराबद्दल जरा सविस्तर, कारण तिथे तीन वेगवेगळे धोके एकत्र येतात. पहिला बादलीचा. लहान मुलाचं डोकं जड असतं. तोल जाऊन ते बादलीत उलटं गेलं की स्वतःला बाहेर काढता येत नाही, आणि बुडायला चार-पाच सेंटिमीटर पाणीही पुरतं. रात्री पाणी भरून ठेवायची सवय असेल तर ते झाकणाच्या पिंपात भरा, रिकाम्या बादल्या पालथ्या घाला आणि बाहेरून दाराला वरची कडी लावा. दुसरा धोका भाजण्याचा. आपल्याकडे बादलीत आधी गीझरचं कढत पाणी सोडतात आणि मग विसावण घालतात. तो क्रम उलटा करा: आधी गार पाणी, मग गरम, हाताचं कोपर बुडवून पाहणं, आणि त्यानंतरच मुलीला आत आणणं. तिसरा गॅस गीझरचा. बंद न्हाणीघरात तो चालू असेल तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि तो लहान मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर चढतो. खिडकी आणि दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, दोन-चार मिनिटं थांबा आणि मग अंघोळ घाला. ‘गार वारा लागेल’ म्हणून खिडकी लावून घेऊ नका. त्याच कारणाने बंद खोलीत शेकायला शेगडी किंवा कोळशाची धुरी नको. पाण्यात टाकायची हीटरची कांडी घरात असेल तर या तीन आठवड्यांपुरती माळ्यावर टाका.

बाल्कनीच्या कठड्याच्या गजांमधलं अंतर मोजा. १० सेंटिमीटरहून जास्त असेल तर जाळी बांधून घ्या आणि कुंड्या कठड्यापासून दूर सरकवा, नाही तर त्या पायरीचं काम करतात. जमिनीलगतच्या प्लगना झाकणं लावा. ब्रिटनमधल्या सॉकेटला आतून पडदा असतोच, इथल्या जुन्या घरांत तो बहुधा नसतो. चहाचे कप टीपॉयवर नकोत, आणि टेबलक्लॉथ काढून ठेवा. डास पळवणाऱ्या द्रवाची कुपी, फिनेल, शौचालय साफ करायचं ॲसिड हे सगळं वर. रसायनं पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत काढून ठेवलेली असतील तर ती फेकून द्या.

आत्ताच, इंग्लंडमध्ये असताना

सात आठवडे हातात आहेत, म्हणजे लसींना वेळ पुरेसा आहे. एमएमआरचा (गोवर, गालगुंड, रुबेला) एकच डोस झाला असेल तर दुसरा निघण्याआधी देता येईल का ते तिकडच्या डॉक्टरांना विचारा. दोन डोसांत किमान चार आठवडे लागतात. हिपॅटायटिस ए ची लस एक वर्षानंतर देता येते, ती घ्या. टायफॉइडची ब्रिटनमध्ये प्रवाशांना नेहमी मिळणारी लस दोन वर्षांच्या पुढे आहे. भारतात सहा महिन्यांपासून चालणारी संयुग्मित (कॉन्ज्युगेट) लस मिळते, पण तिचा परिणाम दिसायला दोन आठवडे जातात. इथे उतरल्यावर ती दिली तर या खेपेला अर्धवटच उपयोग, पुढच्या खेपेला मात्र चांगला. आई-वडील किंवा आजी-आजोबा भारतात जन्मलेले असतील तर ब्रिटनमध्ये बाळाला बीसीजी देऊ करतात. ती झाली आहे का ते तिच्या आरोग्याच्या नोंदींच्या लाल पुस्तकात पाहून घ्या. फ्लूची लस घरातल्या सगळ्यांनी, आजी-आजोबांनीही, घेतलेली बरी.

प्रवास विम्यात मुलीचं नाव आहे का ते तपासा. पुण्यातल्या घराजवळचे एक बालरोगतज्ज्ञ आणि रात्री लहान मुलांना दाखल करून घेणारं एक रुग्णालय आधीच ठरवून फ्रिजवर लिहून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

झोप

भारताची वेळ साडेपाच तास पुढे. लंडनमध्ये रात्री सात ते सकाळी सात झोपणारी मुलगी इथे रात्री साडेबारा ते दुपारी साडेबारा झोपू पाहणार. पहिल्याच सकाळी सात वाजता ‘उठवून सवय लावू’ म्हणणं चुकीचं आहे, कारण तेव्हा तिच्या शरीरात रात्रीचा दीड वाजलेला असतो. आणखी एक अडचण आहे. शरीराचं घड्याळ उजेडाने सरकतं, पण कोणत्या दिशेला ते उजेड कधी मिळाला यावर ठरतं. नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधीच्या सुमाराला शरीराचं तापमान सर्वांत कमी असतं. त्याआधी लख्ख उजेड मिळाला तर घड्याळ मागे जातं, नंतर मिळाला तर पुढे येतं. तुम्हाला ते पुढे आणायचंय. तुमच्या मुलीचा तो क्षण पहिल्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी साडेनऊ-साडेदहाच्या आसपास येतो. म्हणून २० डिसेंबरला तिला अकरापर्यंत पडदे ओढून झोपू द्या, मग उठवा आणि थेट गच्चीत किंवा बागेत अर्धा-पाऊण तास उन्हात न्या. दुसऱ्या दिवशी दहाला, मग नऊला, मग आठला. चार-पाच दिवसांत गाडी रुळावर येते.

पहिल्या दिवशी दुपारची डुलकी संध्याकाळी सहाला येईल, कारण लंडनमध्ये तेव्हा साडेबारा वाजलेले असतात. घेऊ द्या, पण दीड तासात उठवा. रात्री नऊनंतर दिवे मंद, टीव्ही आणि फोन बंद. हेच जमत नाही, कारण तेव्हाच काका-आत्या भेटायला येतात. मध्यरात्री तिला खरोखर भूक लागेल, म्हणून मऊ वरणभात किंवा केळं तयार ठेवा. खायला घाला, पण खेळ मांडू नका. निघायच्या आधीच्या तीन दिवसांत झोपेची वेळ रोज वीस मिनिटं अलीकडे आणली तर एक तास तिकडेच कमी होतो.

विमानात झोप यावी म्हणून प्रोमेथाझिनसारखं गुंगीचं औषध देऊ नका. दोन वर्षांखाली त्याने श्वास मंदावण्याचा धोका असतो. विमान उतरू लागलं की कानासाठी पाणी, दूध किंवा चोखणी द्या. उतरणं साधारण अर्धा तास आधी सुरू होतं. शेवटच्या दहा मिनिटांची वाट पाहिली तर तोवर कान दुखायला लागलेले असतात.

या सगळ्याचा अर्थ असा की १९ ते २३ डिसेंबर कुठेही जायचं नाही. जेजुरी नाही, गुहागर नाही, ‘फक्त तासाभरासाठी’ आत्याकडेही नाही. ज्यांना भेटायचंय त्यांनी घरी यावं, दुपारी चार ते सहा या वेळात. हे आजी-आजोबांना आधीच सांगा, आणि ते सांगणं त्यांच्या स्वतःच्या मुलाने किंवा मुलीने करावं. सुनेच्या किंवा जावयाच्या तोंडून आलं की त्याचा अर्थ वेगळा निघतो.

नातेवाईक

वीस महिन्यांच्या मुलाला अनोळखी माणसाची भीती वाटणं हे निरोगी वाढीचं लक्षण आहे. रोज व्हिडिओवर दिसणारी आजी ओळखीची असते, पण तिचा स्पर्श, वास आणि उंची नवी असते. मुलगी रडत आईला बिलगली की ‘आमच्याकडे येतच नाही’ हे वाक्य येतं आणि आजीचे डोळे भरतात. त्या क्षणी मुलीला जबरदस्तीने हातात देऊ नका. आजीने जमिनीवर बसावं, तिच्याकडे थेट न पाहता वाटी-चमच्याशी किंवा भाजी निवडण्याशी खेळ मांडावा, आणि मुलीला स्वतःहून येऊ द्यावं. हे सहसा दोन-तीन दिवसांत होतं. आजीला एक ठरावीक काम द्या, सकाळचं दूध किंवा संध्याकाळचा फेरफटका. रोज त्याच वेळी तेच काम केलं की नातं लवकर जमतं.

आल्यागेल्यांनी हात धुतल्याशिवाय मुलीला घेऊ नये, आणि सर्दी-खोकला असेल तर या आठवड्यात येऊ नये. तोंडाचा पापा नको. नाकाकानात तेल घालू नका. नाकातलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं आणि तिथे सूज धरते. काजळात शिसं असू शकतं. दृष्ट लागू नये म्हणून तीट हवीच असेल तर ती तळपायाला लावा, डोळ्यांत काही घालू नका.

खाणं, पाणी, जुलाब

पाणी खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळलेलं, झाकून गार केलेलं. फिल्टरचं असेल तर त्याची कँडल शेवटची कधी बदलली ते विचारा. दात घासायलाही तेच पाणी. दूध उकळून, दिवसात ४०० मिलिलिटरच्या आसपास. वरणभात, मऊ खिचडी, भाकरी दुधात कुस्करून, इडली, घरचं दही, गरम पोळी-भाजी, हे सगळं ती खाऊ शकते आणि खायलाच हवं. तीन आठवडे तिकडून आणलेल्या पाकिटांवर तिला ठेवू नका. तिखट बाजूला काढून फोडणीचं साधं वरण द्या. नको ते एवढंच: कच्ची कोशिंबीर, बाहेरची चटणी, बर्फ, कापून ठेवलेली फळं, आणि महाबळेश्वरहून आलेल्या स्ट्रॉबेऱ्या. त्या जमिनीलगत वाढतात आणि त्यांना सोलता येत नाही. संत्रं आणि केळं उत्तम.

जुलाब लागले तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस द्या. पाकिटावर एक लिटरसाठी २०.५ ग्रॅम असं लिहिलेलं असतं. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवा. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकलं तर मिठाचं प्रमाण चुकतं. छोटी, २०० मिलिलिटरची पाकिटंही मिळतात आणि ती प्रवासात सोयीची. दुकानात रंगीत खोक्यांत मिळणारी फळांच्या चवीची पेयं हे ओआरएस नव्हे. त्यांत साखर जास्त असते आणि त्याने जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने) अशा पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली. तयार पेय हातात घेण्याआधी सूत्र वाचाच. प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. जेवण आणि दूध चालू ठेवा. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या नकोत. शौचात रक्त, सात-आठ तास लघवी नाही, डोळे खोल, मूल मलूल आणि पाणीही घेत नाही, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी रुग्णालयात.

औषधाची बाटली

हा भाग दोनदा वाचा. ब्रिटनमधलं लहान मुलांचं कॅलपॉल ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असतं. भारतात त्याच नावाने १२० चंही मिळतं आणि २५० चंही, शिवाय थेंबांची छोटी बाटली मिळते जिच्यात एकेका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. म्हणजे तिकडच्या सवयीने ‘पाच मिलिलिटर’ थेंबांच्या बाटलीतून दिलं तर ५०० मिलिग्रॅम पोटात जातात, तुमच्या मुलीच्या मात्रेच्या तिप्पट. हिशोब किलोला १५ मिलिग्रॅम असा करतात. ११ किलोला एका वेळी जास्तीत जास्त १६५. ते २५० च्या औषधातून ३.३ मिलिलिटर, थेंबांतून १.६ मिलिलिटर. दोन मात्रांत सहा तास, दिवसात चारहून जास्त नाही. सर्वांत सोपं म्हणजे तिकडची बाटली आणि तिची पिचकारी घेऊन या, त्यावरच्या वयाच्या खुणेप्रमाणे द्या, आणि घरातली दुसरी बाटली कुणी उघडू नये असं सांगून ठेवा.

कारण कळत नसलेल्या तापात फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन नको, कारण डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. डिसेंबरात डेंग्यू पावसाळ्याइतका नसतो, पण संपलेला नसतो. इथे आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल यांचं एकत्र मिश्रण सर्रास मिळतं. ते दिलं आणि वर पॅरासिटामॉलही दिलं की मात्रा दुप्पट होते. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना द्यायला भारतात २०११ पासून बंदी आहे, तरी जुनी बाटली एखाद्या घरात निघते. खोकल्याचं सिरप दोन वर्षांखाली कुठलंच नाही. मध्य प्रदेशात दूषित सिरपने मुलं दगावल्यावर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये तसा सल्ला पुन्हा काढला. वर्ष उलटलेल्या मुलाला खोकल्यावर अर्धा चमचा मध चालतो.

डासांसाठी संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि झोपताना मच्छरदाणी. दुपारच्या झोपेलाही लावा, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो. डास पळवणारं मलम उघड्या त्वचेवरच लावा, तिच्या तळहातांना मात्र नको.

थंडीबद्दल थोडंसं. पुण्यात दुपारी २९-३० अंश आणि पहाटे ११-१२, कधी त्याहून खाली. घरात हीटिंग नसतं आणि फरशी गार असते. म्हणून पातळ कपड्यांचे थर आणि पायमोजे. दुपारी स्वेटर अंगावर ठेवला तर ती घामाघूम होते.

गाडी

विमानतळापासूनच मुलीला तिच्या सीटमध्ये बसवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब नुसार १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बाल-सीट लागतेच, पण कायद्यापेक्षा मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाकडे पाहून ठरवा. सीट नुसत्या गाडीच्या पट्ट्यानेही बसते ना, हे घेण्याआधी तपासा, कारण सगळ्या गाड्यांना आयसोफिक्सचे, म्हणजे बाल-सीट थेट अडकवायचे, आकडे नसतात. टॅक्सी ठरवताना ‘मागच्या सीटचे पट्टे बाहेर आहेत का’ हे फोनवरच विचारा. इथे सीटकव्हर घालताना पट्ट्यांची बक्कलं खाली दाबून टाकतात आणि ती विमानतळाच्या पार्किंगमध्ये सापडत नाहीत. बसवलेली सीट पट्ट्याजवळ धरून हलवली तर अडीच सेंटिमीटरहून जास्त हलू नये. मांडीवर धरलेलं मूल धडकेत हातात राहत नाही, धरणारा कितीही घट्ट धरो. आजोबांच्या स्कूटरवर पुढे उभी करून ‘एक चक्कर’ तर नाहीच.

गुहागर कुंभार्ली घाटाने सहा-सात तास. २४, २५ आणि ३१ डिसेंबर हे दिवस रस्त्यावर घालवू नका. दर दोन तासांनी उतरा, घाटाआधी हलकं खायला द्या. कोकणातल्या घरी दोन गोष्टी पाहा. विहीर आणि पाण्याची टाकी यांना कठडा किंवा झाकण आहे का, आणि अंथरूण व बूट झटकले आहेत का. लाल विंचू कोकणात आहे आणि त्याचा दंश लहान मुलांत हृदयावर येतो. दंशानंतर घाम, उलट्या, गार हातपाय दिसायची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा. प्राझोसिन या औषधाचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच भागात रुजवला आणि त्याने मृत्यू खूप कमी झाले. कुत्रा किंवा माकड चावलं, अगदी ओरखडलं, तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. हळद किंवा चुना भरू नका.

जेजुरी, बोरन्हाण, नाताळ

जेजुरीला रविवार आणि अमावस्या टाळून मधल्या वारी, सकाळी लवकर जा. गडाच्या पायऱ्यांवर ढकलगाडी निरुपयोगी, अंगाला बांधायची झोळी न्या. भंडारा उधळतात तेव्हा तो डोळ्यांत आणि छातीत जातो. मुलीचं तोंड तुमच्या छातीकडे, वरून सैलसर मलमल, आणि उधळण सुरू झाली की बाजूच्या ओवरीत. डोळ्यांत गेलाच तर न चोळता स्वच्छ पाण्याने धुवा.

बोरन्हाण जरूर करा, आजीच्या आनंदाचा कार्यक्रम आहे. पण त्यात वरून पडणाऱ्या बहुतेक गोष्टी या वयात घशात अडकणाऱ्या आहेत: बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, हलवा, गोळ्या, शेंगदाणे. आणि मूल त्या वेळी रडत किंवा हसत असतं, म्हणजे श्वास खोल चाललेला. डोक्यावरून कुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या टाका. मुलगी मांडीवर बसलेली असू द्या आणि समोर एकाने फक्त तिच्या तोंडाकडे लक्ष ठेवावं. बोरं आणि हलवा मोठ्या मुलांना पिशव्यांतून घरी द्या. जमिनीवरचं सगळं लगेच झाडून घ्या, कारण दोन दिवसांनी सोफ्याखालचा शेंगदाणा तीच शोधते. काही अडकलं, खोकता येईना आणि आवाज फुटेना, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताने पाच थापा, मग बेंबीच्या वर पाच धक्के, पुन्हा थापा, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन. तोंडात न पाहता बोट घालू नका.

नाताळ घरीच साधा करा. कुंडीतल्या झाडाला कागदी चांदण्या लावल्या तरी तिला पुरे. प्लम केक बेकरीतून आणलात तर त्यात रम आणि बदाम-अक्रोडाचे तुकडे आहेत का ते विचारा. सिग्नलवर मिळणाऱ्या लुकलुकत्या सांता-टोप्या आणि प्रकाशाच्या काड्या घेऊ नका. त्यांतल्या बटण-बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद नसतं. अशी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून जाळते. गिळल्याची शंका आली तर उलटी काढू नका, थेट एक्स-रे असलेलं रुग्णालय गाठा. वाटेत, मूल वर्षाच्या पुढचं असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा. मध शोधण्यासाठी मात्र थांबू नका.

परतल्यावर

लंडनला ती काही दिवस पहाटे तीनलाच उठेल. संध्याकाळी घरात भरपूर उजेड, पहाटे अंधार, आणि झोपेची वेळ रोज तासाभराने पुढे. नर्सरी ९ जानेवारीला लगेच सुरू करू नका, दोन-तीन दिवस मधे ठेवा. परतल्यानंतर महिन्याभरात ताप आला तर तिकडच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात भारतातून आल्याचं आणि कोकणात गेल्याचं सांगा. टायफॉइड आणि मलेरियाची तपासणी त्यावरून ठरते, आणि मलेरियाच्या बाबतीत हे सांगणं पुढे वर्षभर लक्षात ठेवा.